सीडी ०.३१२ आणि बाकीच्या थापा

सीएफडी करणारा माणूस कसा ओळखावा? त्याच्या पीपीटीवरून. दुसऱ्याच स्लाइडवर एक गाडी असते, तिच्या अंगावरून निळ्या-हिरव्या-लाल रेघा झुळझुळत मागे गेलेल्या असतात, आणि खालच्या कोपऱ्यात बोल्डमध्ये एक आकडा असतो. सीडी = ०.३१२. समोर बसलेली मंडळी माना डोलावतात, कुणीतरी "नाइस" म्हणतं, आणि तो आकडा एक्सेलच्या एका खणात जाऊन बसतो. त्यानंतर त्याला कुणी काही विचारत नाही.

माझं भांडण त्या ०.३१२ मधल्या शेवटच्या २ शी आहे. तो २ कुठून आला हे सांगता येत नसेल तर तो लिहू नये, एवढंच माझं म्हणणं. खरं तर बऱ्याचदा मधला १ सुद्धा लिहिण्याची आपली लायकी नसते.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सीएफडी म्हणजे वस्तूभोवतालच्या हवेचे लाखो-करोडो छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात हवेच्या गतीची समीकरणं कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायची, आणि शेवटी हवा त्या वस्तूला किती जोराने मागे ढकलते ते काढायचं. त्या जोराला ड्रॅग म्हणतात. त्याला हवेची घनता, वेग आणि वस्तूचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ यांच्या हिशेबाने भागलं की ड्रॅग कोइफिशंट, म्हणजे सीडी. (गाण्यांची सीडी आता कुणाकडे राहिलेली नाही, त्यामुळे गोंधळ होऊ नये.) आणि या तुकड्यांच्या जाळीला म्हणायचं मेश. हे काम पुण्यात, बंगलोरला पोत्याने चालतं. हिंजवडीत कुठल्याही कँटीनमध्ये मोठ्याने "मेश" म्हणून ओरडलात तर चार माना वळतील.

आता ड्रॅगच का? बाकीचे आकडे काय धुतल्या तांदळासारखे असतात का? नाही. पण ड्रॅग हा फार वाईट प्रकारचा आकडा आहे. तो दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून उरतो.

एक साधा हिशेब करून बघू. ताशी १०० किलोमीटरने जाणारी कार, समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर, सीडी ०.३०. ड्रॅग येतो साधारण ३१२ न्यूटन, म्हणजे ३२ किलो वजनाइतका. आता त्याच गाडीच्या तोंडावर नुसत्या वातावरणाचा दाब किती? २ लाख २३ हजार न्यूटन! आणि पाठीवर उलट्या दिशेने जवळजवळ तेवढाच. या दोन हत्तींच्या रस्सीखेचीत जे उरतं ते आपले ३१२. हजारात दीडसुद्धा नाही. वातावरणाचा दाब आधीच वजा करून ठेवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती बहुतेक जण वापरतात, म्हणून रोज अपघात होत नाहीत. पण समजा तुम्ही पूर्ण दाबावर काम करताय, आणि पृष्ठभागांच्या यादीत समोर तोंड करून असलेला १० बाय १० सेंटिमीटरचा एक तुकडा घालायचा राहिला. चूक १०१३ न्यूटनची. अख्ख्या गाडीच्या ड्रॅगच्या तिपटीहून जास्त.

वातावरण वजा केलं तरी रस्सीखेच संपत नाही. नाकावर हवा आपटून दाब वाढतो, बॉनेटच्या वळणावर तीच हवा जोरात धावते आणि दाब पडतो, टपावरून मागे उतरताना अजून काही होतं. अधिक, वजा, अधिक, वजा. शिवाय हवा पृष्ठभागाला घासून जाते तो घर्षणाचा भाग वेगळा. गाडीत तो लहान असतो, विमानाच्या पंखात मोठा. प्रत्येक ठिकाणची चिमूटभर चूक त्या शिल्लकीत येऊन साठते. चित्र मात्र सुंदरच दिसतं, कारण डोळ्याला ५ टक्क्यांची चूक रंगात दिसत नाही.

याची सगळ्यात मजेदार परीक्षा जुनी आहे. १७५२ मध्ये दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की द्रवाला चिकटपणा अजिबात नाही असं धरलं तर स्थिर वेगाने जाणाऱ्या वस्तूवरचा ड्रॅग चक्क शून्य येतो. समोरचा दाब आणि मागचा दाब एकमेकांना पूर्ण खाऊन टाकतात. हा विरोधाभास पुढे दीडशे वर्षं लोकांच्या डोक्याला ताप होता. १९०४ मध्ये प्रांट्लने बाउंडरी लेयरची, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून असलेल्या पातळ थराची कल्पना मांडली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पण आपल्याला हा विरोधाभास फुकटची फूटपट्टी देऊन गेला. तुमच्या सॉल्व्हरमध्ये एक गोल ठेवा, चिकटपणा शून्य करा, चालवा. उत्तर शून्य यायला हवं. येत नाही! सॉफ्टवेअर काहीतरी ड्रॅग सांगतंच, आणि फर्स्ट ऑर्डर स्कीम वापरली असेल तर चांगला घसघशीत सांगतं. हा ड्रॅग हवेचा नाही. तो मेशचा आणि स्कीमचा आहे, आणि तुमच्या ०.३१२ मध्ये तो नाव न सांगता बसलेला आहे.

मग तो किती आहे हे कळायला काय करावं लागतं? काही विशेष नाही. एकच केस तीन मेशवर चालवायची. समजा पहिला मेश ४० लाख सेलचा, दुसरा १ कोटी ३५ लाखांचा, तिसरा साडेचार कोटींचा, म्हणजे दर वेळी प्रत्येक दिशेला दीडपट बारीक. सीडी येतात अनुक्रमे ०.३४२, ०.३२१, ०.३१२. फरक आधी ०.०२१, मग ०.००९. आकडा कुठेतरी चाललाय आणि अजून पोचलेला नाही. कुठे चाललाय याचा अंदाज रिचर्डसनच्या जुन्या रीतीने काढता येतो, तो इथे येतो ०.३०५ च्या आसपास. आणि पॅट्रिक रोश यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्सने सगळ्यात बारीक मेशवरची अनिश्चितता येते पावणेतीन टक्के. म्हणजे प्रामाणिक उत्तर "०.३१२, अधिक-उणे ०.००८". आणि हे फक्त मेशपुरतं बरं का. टर्ब्युलन्स मॉडेल चुकीचं असेल तर ते पाप वेगळ्या खात्यावर.

आता ही काही नवी ज्ञानगंगा नाही. अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचं, एएसएमईचं, फ्लुइड्स इंजिनिअरिंगवरचं जर्नल आहे. त्यांनी १९८६ मध्येच जाहीर केलं की आकडेमोडीतल्या चुकीचा अंदाज न देणारे पेपर आम्ही घेणार नाही. १९८६! माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. आणि आपण आज एका मेशवरचा आकडा तीन दशांशात छापून पाठवतो आणि इनव्हॉइस लावतो.

बारीकसारीक घोळ तर विचारूच नका. फ्लुएंटमध्ये रेफरन्स व्हॅल्यूज मुळात क्षेत्रफळ १ चौरस मीटर आणि वेग सेकंदाला १ मीटर अशा असतात. त्या न बदलता वरच्या गाडीचा सीडी काढलात तर येईल ५०९. ही चूक बरी, शेंबड्या पोरालाही कळेल. धोकादायक चूक ती की जिचं उत्तर गोंडस दिसतं. अर्धीच गाडी सिम्युलेट केली (डावी-उजवी सारखी म्हणून, यात गैर काही नाही) आणि क्षेत्रफळ पूर्ण गाडीचं घातलं, की ०.३० चा सीडी ०.१५ होतो. मर्सिडीझने २०२२ मध्ये खास प्रयोग म्हणून बनवलेल्या ईक्यूएक्सएक्सचा जाहीर केलेला आकडा ०.१७ आहे. मीटिंगमध्ये टाळ्या पडतात त्या अशा.

दुसरं म्हणजे "कन्व्हर्ज झालं" हा शब्द. रेसिड्युअल एक हजारांशाखाली गेले, सॉफ्टवेअरने स्वतःहून रन थांबवला, झालं कन्व्हर्ज. अरे पण ड्रॅगचा ग्राफ बघितलास का? तो अजून उतरतोय! आणि गाडीच्या, ट्रकच्या मागची हवा तर मुळातच स्थिर नसते, तिथे ड्रॅग वरखाली हेलकावत राहतो. त्यातला शेवटच्या इटरेशनचा आकडा उचलायचा म्हणजे झोपाळ्याचा फोटो काढून तो किती उंचावर टांगलाय ते सांगण्यासारखं आहे. सरासरी घ्या, किती काळाची घेतली ते लिहा.

असो. आता समोरच्या बाजूच्या सगळ्यात दमदार युक्तिवादाकडे येतो, कारण तो खरंच दमदार आहे. अनुभवी मंडळी म्हणतात, "अरे, आम्हाला नेमका आकडा नकोच आहे. डिझाइन ए चांगलं की बी, एवढंच हवंय. दोन्हींचा मेश सारखा, मॉडेल सारखं, म्हणजे चूकही सारखी. वजाबाकीत निघून जाईल." ट्रेंड बरोबर असला की बस.

कधीकधी हे खरंही असतं. दोन डिझाइनमध्ये हवा सारख्याच पद्धतीने वाहत असेल तर चूक बऱ्यापैकी कटते. पण डिझाइन बदलायचं कशासाठी? हवेचं वाहणं बदलावं म्हणून! आणि नेमकं ते बदललं की चूक सारखी राहत नाही.

याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे अहमद बॉडी. १९८४ मध्ये अहमद आणि सहकाऱ्यांनी कारचा एक अगदी बाळबोध नमुना विंड टनेलमध्ये मोजला. १०४४ मिलिमीटर लांबीचा ठोकळा, पुढून गोलसर, आणि मागे वरच्या बाजूला हॅचबॅकसारखा उतार. बदलायचा फक्त उताराचा कोन. काय दिसलं? उतार २५ अंश असताना सीडी ०.२८-०.३० च्या घरात. ३० अंशांपर्यंत तो चढत ०.३८ च्या आसपास जातो. आणि ३० च्या जरासं पुढे गेलं की धाडकन ०.२६ वर! कारण ३० पर्यंत हवा त्या उताराला अर्धवट का होईना धरून असते आणि दोन्ही कडांवरून दोन जोरदार भोवरे सुटतात. ते भोवरे उतारावरचा दाब पाडतात आणि गाडीला मागे ओढतात. ३० च्या पुढे हवा उतार पूर्ण सोडून देते, भोवरे मरतात, मागचा दाब सुधारतो.

आता सीएफडी यात काय करतं? २५ अंशांवर आपली रोजच्या वापरातली स्थिर टर्ब्युलन्स मॉडेल्स गडबडतात, हे गेली वीसेक वर्षं लोक पुन्हा पुन्हा दाखवतायत. काही मॉडेल्सना हवा २५ वरच पूर्ण सुटलेली दिसते, काहींना ती नको इतकी चिकटलेली दिसते. ज्या मॉडेलला ती आधीच सुटलेली वाटते, त्याला २५ ते ३० मधली ती चढण दिसणारच नाही. म्हणजे तुम्ही उतार चार अंशांनी वाढवलात, मॉडेल म्हणालं "काही फरक नाही", स्टायलिंगवाले खूश, आणि रस्त्यावर गाडीचा ड्रॅग पाव हिश्शाने वाढलेला. कुठे गेला तुमचा ट्रेंड?

आणि याहून वाईट म्हणजे कधीकधी चुकीच्या प्रवाहातूनही आकडा जवळपास बरोबर येतो. पुढची चूक मागच्या चुकीला खाते. अशा वेळी "एक्स्पेरिमेंटशी ३ टक्क्यांत मॅच" असं छातीठोक लिहिलं जातं, आणि पुढच्या डिझाइनला तेच मॉडेल तोंडघशी पाडतं. म्हणून फक्त एकूण ड्रॅग जुळवू नका, पृष्ठभागावरचा दाबही जुळवून दाखवा.

मोजणारे चुकत नाहीत असं मात्र मी म्हणत नाही. १९१२ च्या सुमाराला गंमत झाली होती. आयफेल (हो, तोच, टॉवरवाला. म्हातारपणी त्याने विंड टनेल बांधला होता) याने गोलाचा ड्रॅग मोजला, तो जर्मनीत गटिंगेनला मोजलेल्याच्या निम्म्याहून कमी निघाला. गटिंगेनवाल्यांना वाटलं, साहेब सूत्रातला दोन विसरले असणार. म्हणजे आपल्या रेफरन्स व्हॅल्यूजचाच घोळ! आयफेलने वेगवेगळ्या वेगांना मोजून दाखवलं की एका ठरावीक वेगानंतर ड्रॅग खरोखरच कोसळतो. आणि १९१४ मध्ये प्रांट्लने गोलाला एक बारीक तार गुंडाळून कारणही दाखवलं. पृष्ठभागालगतचा थर खळबळला की तो गोलाला जास्त वेळ धरून राहतो आणि मागचा पोकळ पट्टा लहान होतो. क्रिकेटच्या चेंडूची शिवण एका बाजूला हेच करते म्हणून तो स्विंग होतो. दोन चांगल्या प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत, आणि त्या न जुळण्यातून विज्ञान पुढे गेलं. आपल्याकडे आकडा जुळला नाही की टर्ब्युलन्स मॉडेल बदलतात, जुळेपर्यंत.

विमानवाल्यांनी यातला प्रामाणिक रस्ता दाखवलाय. तिथे ड्रॅग "काउंट" मध्ये मोजतात, एक काउंट म्हणजे सीडीमध्ये ०.०००१. लांब पल्ल्याच्या विमानात एक काउंट म्हणजे साधारण एका प्रवाशाचं ओझं, असा ढोबळ हिशेब सांगतात. अमेरिकेतल्या एआयएए या संस्थेने २००१ मध्ये ड्रॅग प्रेडिक्शन वर्कशॉप सुरू केलं. सगळ्यांना एकच विमानाचा नमुना, डीएलआर-एफ४, आणि ज्याने त्याने आपापल्या कोडने ड्रॅग काढून आणायचा. मोठमोठ्या कंपन्या, सरकारी प्रयोगशाळा, सॉफ्टवेअर विकणारे, सगळे आले. उत्तरांत डझनांवारी काउंटचा फरक! हव्या होत्या एक-दोन काउंटच्या अचूकतेने, आणि तीही जगातल्या दादा लोकांकडून. त्यांनी ते लपवलं नाही, छापलं. पुढे २००९ मध्ये नासाचा कॉमन रिसर्च मॉडेल घेतला, वर्कशॉप चालू ठेवलं, मेश कसे करायचे यावर घासाघीस केली, आणि फरक हळूहळू आटला. गाड्यांसाठीही असं वर्कशॉप २०१९ पासून सुरू झालंय. नासाला जे छापायला लाज वाटत नाही ते आपल्याला स्लाइडवर टाकायला का वाटावी?

कारण विचारलंच जात नाही. एका प्रोजेक्टमध्ये (कंपनीचं नाव सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच) आरशाच्या नव्या आकाराने ०.००४ ची बचत होते असं रिपोर्टात जायचं होतं. मी म्हटलं, मेशची अनिश्चितता याच्या दुप्पट असू शकते, अजून एक बारीक मेश चालवू या, निदान अधिक-उणे तरी लिहू या. टीम लीडचं उत्तर, "अरे, क्लायंटने मागितलंय का? नाही ना? मग आपण कशाला दाखवायचं? उगाच त्याला कन्फ्यूज करू नकोस." बचत रिपोर्टात गेली, टक्केवारीत. त्या टक्केवारीवर पुढे कुणीतरी टूलिंगचे पैसे घातले असणार. आरशाचा साचा काही फुकट होत नाही.

त्या लीडचा मला राग येतो असंही नाही. तासावर बिल होणाऱ्या धंद्यात शंका विकता येत नाही. पण "वेळ नाही" हे कारण मात्र मला पटत नाही. जो साडेचार कोटी सेलचा मेश चालवतोच आहे, त्याला त्याखालचे दोन जाड मेश मिळून सेलच्या हिशेबाने ४० टक्क्यांहून कमी जादा खर्च येतो. जो मधल्या मेशवर थांबतो त्याला बारीक मेश तिपटीहून महाग पडेल, कबूल. मग प्रत्येक डिझाइनला करू नका, प्रोजेक्टच्या सुरुवातीला एका डिझाइनला करा. ते पण जमत नसेल तर दोनच दशांश लिहा. त्याला काहीच खर्च येत नाही.

आणि हे वाचून कुणी "म्हणजे सीएफडी बोगस" असं म्हणणार असेल तर कृपया नको. २०१८ मध्ये बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचं सिम्युलेशन केलं, काही अब्ज सेलचं, आणि सोबत विंड टनेलमध्ये छोटे पुतळे ठेवून मोजलंही. घोळक्याच्या आतल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या ५ ते १० टक्केच ड्रॅग लागतो असं निघालं. आधीचे अंदाज याच्या कितीतरी वर होते. हे सीएफडीशिवाय कळायला फार अवघड होतं. पण त्यांनी मोजून दाखवलं, हा फरक. युरोपमध्ये गाड्यांच्या प्रदूषण चाचणीचे डब्ल्यूएलटीपी नियम आहेत, तिथेही एकाच गाडीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमधला ड्रॅगचा फरक सिम्युलेशनने काढायला परवानगी आहे, पण आधी ते सिम्युलेशन मोजमापाशी ताडून दाखवल्यावरच. सरकारी नियम लिहिणाऱ्यांना जे कळलं ते आपल्या रिव्ह्यू मीटिंगला कळायला हरकत नाही.

पुढच्या रिव्ह्यूला तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असाल तर चारच गोष्टी विचारा. किती मेशवर चालवलं? ड्रॅगचा ग्राफ दाखव. क्षेत्रफळ कुठलं घेतलं? आणि याच मॉडेलने आधी मोजलेली कुठली केस करून बघितलीस? हे विचारायला सीएफडी यावं लागत नाही. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं. :)

ज्यांच्याकडे वीकेंड मोकळा आहे आणि माझ्यावर विश्वास नाही त्यांच्यासाठी: ओपनफोम फुकट आहे, अहमद बॉडीची सगळी मापं उपलब्ध आहेत. २५ अंशांची केस घ्या, एकदा के-ओमेगा एसएसटीने आणि एकदा रिअलायझेबल के-एप्सिलॉनने चालवा, आणि उतारावर हवा चिकटलीय की सुटलीय ते बघा. दोन्ही सीडी आधी कागदावर लिहून ठेवा, वर मी दिलेला मोजलेला आकडा नंतर बघा. लॅपटॉपवर एक रात्र लागेल, पंखा जोरात वाजेल तेवढं घरच्यांना सांगून ठेवा.